हालापा: समुद्र आणि डोंगराच्या मधलं शहर, आणि सावलीचा दाम



मेक्सिकोहून आल्यापासून बरेच जण विचारतायत, तिकडच्या नोंदी कधी टाकणार. आज टाकतो. पण हे नुसतं प्रवासवर्णन नाही, मत आहे. शेतकऱ्याला मेक्सिकोला जायचा योग आलाच, तर कानकूनचा किनारा आणि राजधानीतले मोठे चौक थोडे बाजूला ठेवून त्यानं चार दिवस हालापाला द्यावेत. नाव ऐकलं नसेल. माझी पुतणी तिथं वर्षभर संशोधनाच्या कामाला होती म्हणून मला कळलं, नाहीतर मलाही कळलं नसतं.

हालापाच का? तर आपले अभ्यास दौरे निघतात ते इस्राएलला, नाहीतर हॉलंडला. काचघरं बघायची, यंत्रं बघायची, फोटो काढायचे आणि घरी येऊन म्हणायचं, "आपल्याला कुठं जमणार?" कारण ती शेतीच वेगळी, भांडवल वेगळं, सरकार वेगळं. हालापाच्या आजूबाजूचा शेतकरी मात्र आपल्यासारखा आहे. दोन-चार एकरवाला, उतारावरचा, भाव दुसऱ्याच्या हातात असलेला. त्याच्याकडून शिकण्यासारखं जे आहे ते आपल्या ऐपतीतलं आहे. आणि जे फसलं तेही आपल्या ओळखीचं आहे.

सगळ्यात मोठी गोष्ट आधीच सांगतो. डोंगरावरचा शेतकरी झाडं राखतो म्हणून खालच्या शहराला स्वच्छ पाणी मिळतं. पण त्याच्या पट्टीत त्या झाडांचा एक पैसाही धरलेला नसतो. हालापाशेजारच्या एका छोट्या गावानं तो धरायचा प्रयत्न केला. ते मला इथं लिहायचंय. पण तिथवर जायला आधी जागा समजून घ्यावी लागेल.

जागा कशी आहे

मेक्सिकोच्या पूर्वेला वेराक्रूझ नावाचं लांबट राज्य आहे, आखाताच्या किनाऱ्यानं पसरलेलं. हालापा ही त्याची राजधानी. वस्ती पाच लाखांच्या आतबाहेर. उंची सुमारे १४०० मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा थोडी जास्तच. वेराक्रूझ बंदरापासून रस्त्यानं शंभर-सव्वाशे किलोमीटर. आणि शहराच्या मागं उभा कोफ्रे दे पेरोते, ४२०० मीटरच्या वरचा विझलेला ज्वालामुखी. आभाळ मोकळं असलं की दक्षिणेला सित्लालतेपेत्लचं बर्फाचं टोक दिसतं. तो ५६३६ मीटरचा, मेक्सिकोतला सगळ्यात उंच डोंगर.

कोकण, घाट आणि देश हे ज्याला कळतं त्याला ही जागा पाच मिनिटांत कळते. फक्त दिशा उलटी. समुद्र पूर्वेला, डोंगर पश्चिमेला. वारं आखातावरून ओल घेऊन येतं, डोंगराला अडतं आणि हालापावर रितं होतं. वर्षाला १४०० ते १५०० मिलिमीटर पाऊस. डोंगर ओलांडून पन्नास-एक किलोमीटरवर पेरोते गावी गेलं की पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. घाट उतरून माणदेशात गेल्यासारखं.

एक फरक मात्र मोठा आहे. आपला पाऊस चार महिन्यांत येतो आणि जातो. तिथं जून ते ऑक्टोबर मोठा पाऊस, आणि हिवाळ्यात उत्तरेकडून थंड वारं आलं की बारीक भुरभुर लागते. दिवसचे दिवस. तिला ते 'चिपीचिपी' म्हणतात. छत्री उघडावी तर पाऊस नाही, मिटावी तर अंग ओलं. आपल्याकडं डिसेंबरात रान वाळायला लागतं, तेव्हा तिथं झाडांच्या खोडावर शेवाळ हिरवंगार असतं. हालापाच्या आजूबाजूचं जंगल या धुक्यावरच वाढलेलं. असलं धुक्याचं जंगल मेक्सिकोच्या एकूण जमिनीत एक टक्कासुद्धा नाही, पण देशातल्या वनस्पतींच्या जातींपैकी दहाव्या हिश्श्याच्या आसपास त्यात सापडतात.

बंदराहून बसनं वर येताना खिडकीतून पिकं बघत या. झोपू नका. आधी ऊस आणि नारळ. मग आंबा. आक्तोपानच्या बाजूला आंब्याच्या बागाच बागा. मग चढ लागतो आणि कॉफी सुरू होते. हालापाच्या वर गेलं की गाईंची कुरणं, मग पाईनची झाडं, मका, बटाटा. दीडशे किलोमीटरच्या आत उसापासून बटाट्यापर्यंत सगळं. कुठलं पीक किती उंचीवर बसतं, याचा जिवंत तक्ताच.

शहर

शहर चढउताराचं, गल्ल्या अरुंद, फुलझाडं दारोदार. मधोमध माकुइल्तेपेत्ल नावाची टेकडी, तीही विझलेला ज्वालामुखी, आता राखीव बाग. विद्यापीठ मोठं असल्यानं पोरापोरींची गर्दी. १९२९ पासून चालत आलेला वाद्यवृंद आहे, देशातला सगळ्यात जुना. त्यातलं मला काही कळत नाही, पण गावाला त्याचा अभिमान आहे हे कळलं.

नाव नाहुआत्ल भाषेतलं. अर्थ साधारण 'वाळूतला झरा'. म्हणजे नावातच पाणी.

स्पॅनिश लोकांच्या राज्यात या गावाला महत्त्व आलं ते हवेमुळं. किनाऱ्यावर पिवळ्या तापानं माणसं मरायची. युरोपातून जहाजांचा ताफा बंदराला लागला की व्यापारी माल घेऊन वर हालापाला यायचे, थंड हवेत बाजार भरवायचे. १७२० पासून सुमारे पन्नास वर्षं ही जत्रा चालली. देशभरचे सौदे इथं व्हायचे.

बघायलाच पाहिजे असं एक ठिकाण म्हणजे मानववंशशास्त्राचं संग्रहालय. ओल्मेक लोकांनी घडवलेली दगडी डोकी तिथं आहेत, सात. एकेक माणसापेक्षा उंच. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची. दगड कुठला? बेसाल्ट. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण असतो तोच जातीचा. ना बैल, ना घोडा, ना गाडी. एवढाले दगड किती तरी मैल लांबच्या डोंगरातून आणले. आणि हे करायला एवढ्या माणसांना पोटभर घालायला धान्य लागलं असणार. शेतकऱ्यानं त्या डोक्यांकडं बघताना ती पिकवणारी माणसंही आठवावीत. त्यांचा पुतळा कुठंच नाही.

आपल्या घरातला मेक्सिको

हालापाच्या मंडईत, हाउरेगी बाजारात, अर्धा दिवस काढा. आपल्याला परकं वाटत नाही, त्याला कारण आहे. मिरची त्यांची. टोमॅटो त्यांचा. मका त्यांचा. आपल्या डहाणू-घोलवडचा चिकू त्यांचा, नावसुद्धा त्यांच्याच 'चिकोसापोते'वरून आलेलं. दसऱ्याला आपण दाराला बांधतो तो झेंडू त्यांचा. नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत ते मेलेल्या माणसांची आठवण करतात, तेव्हा याच फुलांचे ढीग लागतात. निशिगंध त्यांचा. पोरं पाडून खातात ती विलायती चिंच त्यांची. आणि आपण बांधावर लावतो ते गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया, तेसुद्धा तिकडचंच. किनाऱ्याकडच्या कुरणांना याच झाडाच्या खुंटांचं जिवंत कुंपण असतं. आपण हिरवळीच्या खतासाठी त्याचा पाला तोडतो, ते कुंपणाला वापरतात.

त्यांच्याकडं आपल्या बाजूनं गेलं ते काय? आंबा. मनिलाहून जहाजानं पॅसिफिक ओलांडून गेला, म्हणून आजही त्याला 'मनिला आंबा' म्हणतात. आणि ऊसही मूळचा आशियातलाच. देवाणघेवाण बरोबरीची झाली म्हणा.

दगडी पाट्यासारखा मेताते बघितला की आपली आजी आठवते. मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, मग धुऊन वाटतात, आणि त्याची भाकरी, म्हणजे तोर्तिया, तव्यावर भाजतात. चुन्यामुळं साल सुटते, पीठ चिकट होतं आणि मक्यातली सत्त्वं अंगी लागतात. मका जगभर गेला, पण चुन्याची ही युक्ती बहुतेक ठिकाणी त्याच्याबरोबर गेली नाही. नुसत्या मक्यावर जगणाऱ्या युरोपातल्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग झाला, तो यामुळंच. बियाणं गेलं, ज्ञान मागं राहिलं. ही गोष्ट आपल्याकडंही रोज घडते.

आता मिरची. दुकानात पिझ्झ्यावर जी जाड हिरवी मिरची घालतात, 'हालापेन्यो', तिचा अर्थच 'हालापाची'. पूर्वी ती या बाजारात विकायला यायची म्हणून हे नाव. लाल पिकवून धुरावर वाळवली की तिचं चिपोत्ले होतं. पण गंमत बघा. आज ही मिरची मोठ्या प्रमाणावर पिकते ती उत्तरेकडच्या चिहुआहुआसारख्या राज्यात, विहिरीच्या पाण्यावर. नाव हालापाचं, पैसा दुसरीकडं. नाव मिळालं म्हणजे दाम मिळाला असं नाही, हे इथं पहिल्यांदा ध्यानात आलं. कॉफीत ते पक्कं झालं.

कॉफीच्या रानात

हालापापासून अर्ध्या तासावर कोआतेपेक. गावात शिरलं की भाजलेल्या कॉफीचा वास. तिथल्या एका शेतकऱ्याच्या रानात दोन दिवस गेलो. तीन-साडेतीन एकर. बहुतेकांचं एवढंच असतं, पाच एकरांच्या आत.

पहिल्यांदा बघणाऱ्याला ते शेत वाटतच नाही. जंगलच वाटतं. वर उंच झाडं, त्यात मधूनमधून जुनी जंगली झाडं तशीच ठेवलेली. त्याखाली चालाविते नावाचं शेंगावर्गीय झाड, नत्र जमिनीत साठवणारं. मग केळी, संत्री. आणि सगळ्यात खाली माणसाच्या उंचीची कॉफी. फांद्यांवर आमरी, बांडगुळासारखी पण खोडाचं काही न शोषणारी झुडपं, शेवाळ. पायाखाली पाल्याचा थर इतका की काठी रोवली तर वीतभर आत जाते. उतार आपल्या डोंगरउतारासारखा तीव्र, तरी ओघळ कुठं नाही. मी मुद्दाम शोधला. दोन दिवस भुरभुर चालू होती आणि रानाच्या खालच्या ओढ्याचं पाणी नितळ होतं.

चिखलदऱ्याला आपल्याकडं कॉफी आहे, कूर्ग-चिकमगळूरला तर आहेच, आणि तीही सावलीतलीच. तेव्हा सावलीची कॉफी ही नवलाई नाही. नवल वाटलं ते हिशेबाचं.

पिकलेली लाल फळं एकेक करून हातानं तोडायची, नोव्हेंबर ते मार्च. एकाच झाडावर चार-पाच वेळा फिरावं लागतं, कारण सगळी एकदम पिकत नाहीत. साधारण पाच-सहा किलो फळांपासून एक किलो वाळलेला हिरवा दाणा निघतो. ज्याच्याकडं गर काढायचं यंत्र, टाकी आणि वाळवायला जागा आहे, तो दाणा विकतो. ज्याच्याकडं नाही, तो त्याच संध्याकाळी फळं विकतो, कारण फळ रात्रभर ठेवलं की आंबतं. रस्त्यावर टेम्पो उभाच असतो. त्या व्यापाऱ्याला तिकडं काय म्हणतात माहीत आहे? 'कोयोते'. कोल्ह्याच्या जातीचा प्राणी. आपण दलाल म्हणतो, ते सरळ जनावराचं नाव घेतात.

२००० साली 'वेराक्रूझ कॉफी'ला मूळस्थानाचं संरक्षण मिळालं, आपल्या भौगोलिक मानांकनासारखं. फळं विकणाऱ्याला त्याचा काय उपयोग? टेम्पोत पडली की सगळी फळं सारखीच. मानांकनाचा फायदा जिथं माल पाकिटात बंद होतो तिथं मिळतो. मिरचीचं झालं तेच.

आधार गेला तेव्हा

हे असं कायमच नव्हतं. १९५८ साली मेक्सिको सरकारनं कॉफीसाठी एक संस्था काढली, इनमेकाफे. तिचं मुख्यालय हालापालाच होतं. रोपं द्यायची, उचल द्यायची, माल घ्यायची, विकायची. तिच्यात भानगडी होत्या, वेळेवर पैसे नाहीत अशी ओरड होती, हे तिथली जुनी माणसं स्वतःच सांगतात. पण माल घ्यायला कुणीतरी होतं.

मग १९८९ आलं. जगातल्या कॉफी पिकवणाऱ्या आणि घेणाऱ्या देशांमध्ये करार होता, कुणी किती माल बाजारात आणायचा याचा. जुलै १९८९ मध्ये त्यातली कोट्याची व्यवस्था मोडली. काही महिन्यांत जागतिक भाव जवळपास निम्म्यावर आला. त्याच सुमाराला सरकारनं इनमेकाफेतून अंग काढायला सुरुवात केली आणि १९९३ पर्यंत ती बंद झाली. भाव पडला आणि आधारही गेला, दोन्ही एकदम. दुष्काळात तेरावा महिना. आपल्या कापूसवाल्यांना एकाधिकार खरेदी आठवेल. ती चांगली होती का वाईट, यावर आजही भांडणं होतात, पण ती गेल्यावर काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

पुढं २०१२ नंतर तांबेरा आला. तिकडं त्याला 'रोया' म्हणतात. पानाखाली नारिंगी भुकटी, मग पान गळतं, मग झाड उघडं. याच रोगानं दीडशे वर्षांपूर्वी श्रीलंकेची कॉफी संपवली आणि तिथं चहा आला. मेक्सिकोत तीन-चार वर्षांत देशाचं उत्पादन जवळपास निम्म्यावर आलं. जुन्या उंच जाती, चव उत्तम, पण रोगापुढं टिकल्या नाहीत. प्रतिकारक जाती आल्या. मी गेलो त्या शेतकऱ्यानं निम्मं रान नव्या जातीखाली आणलंय आणि निम्मं जुन्या. का, तर नवीन जगते आणि जुनीची चव विकते. एका टोपलीत सगळी अंडी ठेवायची नाहीत, हे त्याला कुणी शिकवायला गेलं नव्हतं.

पण सगळ्यांनी धीर धरला नाही, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. कोआतेपेक ते हालापा या रस्त्यावर तुम्हाला तीन गोष्टी दिसतील. कॉफी काढून ऊस. कॉफी काढून कुरण. आणि कॉफी काढून प्लॉट. 'विक्रीसाठी' अशी पाटी, आखलेले रस्ते, आणि मधे एखादं उंच जुनं झाड उगाच राहिलेलं. हे चित्र आमच्या भोर तालुक्यात रोज दिसतं. फक्त पाटीवरची भाषा वेगळी.

एक पेसो

आता मुद्द्याचं.

कॉफीवाल्यानं रान विकलं तर कुणाचं काय गेलं? बाजाराच्या हिशेबात कुणाचंच नाही. कॉफी दुसरीकडून येईल. पण सावली दुसरीकडून येत नाही. झाडं पाणी बनवत नाहीत, असं पुतणीनं मला बजावून सांगितलं. झाडाखालची माती पाणी मुरवते आणि मग सावकाश सोडते. माती उघडी पडली, गुरांनी तुडवली की पावसाचं पाणी एका तासात ओढ्याला, चिखल घेऊन. आणि उन्हाळ्यात ओढा कोरडा.

कोआतेपेकला हे १९९८ च्या दुष्काळात कळलं. एवढ्या पावसाचं गाव, आणि नळाला पाणी नाही. पाणी येतं गाविलानेस नावाच्या नदीवरून, आणि ती येते वरच्या जंगलातून. मग २००२ साली नगरपालिकेनं एक विश्वस्त निधी काढला, नाव 'फिदेकोआगुआ'. घरोघरच्या पाणीपट्टीत एक छोटी रक्कम जोडली, सुरुवातीला महिन्याला एक पेसो. त्यात पालिकेचे आणि वनखात्याचे पैसे. आणि ते पैसे वरच्या ज्या जमीनमालकांनी जंगल राखलं त्यांना हेक्टरी द्यायचे. मेक्सिकोत एखाद्या गावानं स्वतःहून असं करायची ही पहिलीच वेळ मानतात. पुढच्याच वर्षी, २००३ ला, देशपातळीवरची अशी योजना सुरू झाली.

ऐकायला साधं आहे. पण त्या एका पेसोत एक मोठी कबुली आहे. खालचा माणूस वरच्याला सांगतो की तू जे राखतोस ते मी वापरतो, फुकट वापरणार नाही. हे दान नव्हे, अनुदानही नव्हे. ही पट्टी आहे, मालाची. माल म्हणजे पाणी.

आता यातलं कमी काय तेही लिहितो, नाहीतर तुम्ही म्हणाल परदेशात गेला आणि भाळला.

एक, रक्कम लहान. वर बटाटा लावला किंवा झाडं विकली तर त्याच्या कितीतरी पट पैसा सुटतो. ज्याचं पोट त्याच जमिनीवर आहे, त्याला एवढ्यावर थांबवता येत नाही. दोन, पैसे प्रामुख्यानं जंगलाला. सावलीची कॉफी राखणारा मधल्या पट्ट्यातला शेतकरी जवळजवळ तेच काम करतो, पण त्याचं रान कागदावर 'शेती'. तीन, ज्याच्या नावावर सातबाऱ्यासारखा कागद त्यालाच पैसे. रानात राबणाऱ्या मजुराला काही नाही. चार, हालापा शहराचं बरंचसं पाणी शेजारच्या पुएब्ला राज्यातल्या डोंगरातून येतं. पिणारा एका राज्यात, राखणारा दुसऱ्यात. तिथं एका गावच्या पालिकेचं काय चालणार?

इतकं असूनही माझं मत बदलत नाही. रक्कम कमी असणं ही पुढं भांडायची गोष्ट आहे. हक्क मान्य होणं ही आधीची. ज्याचा हक्कच मान्य नाही तो कमी-जास्तवर भांडणार कसा?

आमच्या भोरचं पाणी भाटघरात अडतं आणि नीरेच्या कालव्यांनी खाली जातं. खालचा ऊस त्यावर उभा आहे. खालच्यांचा मी द्वेष करत नाही, ते आपलेच भाऊबंद आहेत. पण धरणाच्या वरच्या गावांत भात, नाचणी आणि डोंगर राखणाऱ्या घराला त्या पाण्याच्या पट्टीतला हिस्सा का नसावा? पश्चिम घाटावर चर्चा सुरू झाली की आमच्या वाट्याला येते ती बंधनांची यादी. हे करू नका, ते तोडू नका. बंधनं समजू शकतो. पण बंधनाबरोबर दाम का नाही, हा प्रश्न कुणी विचारत नाही. दाम नसेल तर शेवटी प्लॉटवाला येतो, आणि तो रोख देतो. मग पोरानं विकलं म्हणून त्याला नावं ठेवायची आणि शनिवारी-रविवारी त्याच प्लॉटवर हुरडा खायला यायचं.

पुण्या-मुंबईच्या प्रत्येक नळजोडामागं महिन्याला एक रुपया वरच्या गावांसाठी, एवढीच सुरुवात मागू. मागायला तर लागू.

जाणाऱ्यांसाठी

जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी. कॉफीची तोड बघायला मिळते. गरम कपडे आणि पावसाळी जर्किन दोन्ही घ्या, त्या चिपीचिपीत नुसता स्वेटर भिजतो. राजधानीतून बसनं पाच तासांच्या आसपास, वेराक्रूझ बंदरातून दोन-अडीच. बस आपल्या शिवनेरीपेक्षा आरामाची. ज्याच्याकडं अमेरिकेचा चालू व्हिसा आहे त्याला मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही. तरी निघण्याआधी वकिलातीचे नियम तपासून घ्या, ते बदलतात. रात्री-बेरात्री अनोळखी रस्त्यानं फिरू नका, स्थानिक माणसाला विचारून चला.

माळकऱ्यांसाठी एक सूचना. काळ्या घेवड्याची उसळ सगळीकडं मिळते, पण ती बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परततात. 'सिन मान्तेका' हे दोन शब्द पाठ करून जा. हिको गावात त्याच घेवड्याचं एका वेलीच्या पानांबरोबर आणि मक्याच्या गोळ्यांबरोबर कालवण करतात, शोनेकी. आपल्या डाळफळांच्या जवळचं. विचारून खा, पण चुकवू नका.

आणि इंग्रजीवर फार भिस्त ठेवू नका. शेतकऱ्याशी बोलायला भाषा कमी लागते असं म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. पीक, रोग, हत्यार यावर खुणांनी बोलता येतं. भाव, कर्ज आणि पोरं शेतीत राहणार का, यावर बोलायला दुभाषी लागतोच. आणि खरं बोलणं तिथंच सुरू होतं.

त्या कॉफीवाल्याचा मुलगा हालापात संगणकाचं काही शिकतो. बापाला विचारलं, पुढं रान कोण बघणार? तो म्हणाला, बघू. आपण जसं म्हणतो तसंच.

अभ्यास दौऱ्याच्या याद्या करणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर विनंती आहे. एकदा काचघरं सोडून असल्या एखाद्या गावी शेतकरी न्या. आणि त्यांच्याबरोबर पालिकेच्या पाणीखात्याचे दोन अधिकारीही न्या. वरचं रान बघायला शेतकरी पुरेसा आहे. पेसोची पावती बघायला ते लागतील.

तुमच्या गावाच्या वर कुणाचं रान आहे आणि तुमच्या गावाखाली तुमचं पाणी कोण पितं, ते खाली लिहा. यादी करायला घेऊ.